काठी ज्या बाजूला

दांडा पडलेला होता. मी सायकलवरून उतरले आणि कपाळावर हात मारून घेतला.

"सूर्यभानजी, दोनच मिनिटं! दोन मिनिटं थांबला असतात तर काय बिघडलं असतं?"

"मले काय सपन पडलं होतं बाई, तुमी येऊन राह्यल्या म्हणून?" फाटकाच्या चौकीत बसलेले सूर्यभानजी डोक्याचं मुंडासं सारखं करत बाहेर आले. "काठी गेली. आता पूल तिकडचा."

अरणा नदीवरचा तो पूल ज्यांनी पाहिला नाही, त्यांना हे सांगावं लागेल. सिमेंटचा, लांबलचक आणि एका गाडीपुरता रुंद. त्याच्यावरूनच रस्ता आणि त्याच्यावरूनच छोट्या रुळांची आगगाडी. रूळ रस्त्याच्या पोटात बसवलेले, त्यामुळे बैलगाडी, एसटी, सायकल आणि इंजिन, सगळ्यांचा रस्ता एकच. दोन्ही टोकांना फाटक, फाटकाला लोखंडी दांडा. आणि सगळ्या पुलाचा कारभार एका काठीवर. हातभर लांब, लाल रंगाची, दोन्ही टोकांना पितळी टोपी. अशी एकच काठी होती. काठी ज्या बाजूला असेल, त्या बाजूच्या फाटकवाल्यानं वाहनं सोडायची. सगळी सोडून झाली की दांडा पाडायचा आणि शेवटच्या गाडीवाल्याच्या हातात काठी द्यायची. ती पलीकडे पोचली म्हणजे मागे पुलावर कोणी नाही. मग पलीकडच्यानं वाटेल ते सोडावं. एसटी, बैलगाड्या नाहीतर आगगाडी.

मी चार महिन्यांपूर्वी नर्स म्हणून धानोरीच्या दवाखान्यात रुजू झाले होते. माहेर वाईकडचं, वय तेवीस, आणि सायकल चालवण्याचा गर्व एवढा की रुळाच्या खाचेत चाक न अडकवता पूल पार करते म्हणून मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घ्यायची. आठवड्यातून दोनदा पुलापलीकडच्या गावांत लसी टोचायला जायचं. त्या दिवशी एप्रिलचं ऊन होतं आणि हँडलला अडकवलेल्या थर्मासमध्ये बर्फात ठेवलेली पोलिओची लस होती. पलीकडे चिखलवाडीच्या चावडीवर बाया पोरं घेऊन बसलेल्या असणार होत्या.

"आगगाडी इकडे येणार, मग तिकडच्या बैलगाड्या येणार, मग काठी परत येणार," मी हिशेब मांडला. "म्हणजे तास गेला. सूर्यभानजी, यात बर्फ आहे हो. वितळला की औषध फुकट."

"फुकट म्हंजे?"

"म्हणजे पाजलं तरी उपयोग नाही. पाण्यासारखं."

सूर्यभानजींनी थर्मासकडे पाहिलं. पंचावन्नच्या घरातला माणूस, उंच, वाळकुडा, पंचवीस वर्षं त्याच फाटकावर. नियमाचे इतके पक्के की एकदा तहसीलदारांची जीप त्यांनी पाऊण तास उन्हात उभी केली होती म्हणे. मला वाटलं, नाहीच म्हणणार. पण त्यांनी मान वळवून पुलाकडे पाहिलं. डोमाजी कुंभाराची बैलगाडी जेमतेम शंभर पावलांवर गेली होती. गाडीत पेंढ्यात बसवलेले रांजण. आठवडी बाजारासाठी निघालेला डोमाजी बैलांच्या पुढे पायी चालत होता, एकेका पावलाला जपत.

"डोमाजीजवळ काठी हाये," सूर्यभानजी म्हणाले. "अजून तिकडं पोचली नाई. पोचेपर्यंत पूल आपलाच म्हना ना." ते स्वतःलाच समजावत होते. मग त्यांनी दांड्याचं टोक वर उचललं. "पळा. त्याले गाठा, काठी त्याच्यापासून घ्या. शेवटच्या आता तुमी. पण बाई, गाडीच्या मागंच राहजा."

"हो हो," मी म्हटलं आणि दांड्याखालून सायकल घातली.

डोमाजीला गाठायला काही वेळ लागला नाही. मी घंटी वाजवली, म्हटलं, "डोमाजीभाऊ, काठी द्या. सूर्यभानजींनी सांगितलंय." त्यानं खांद्यावरच्या शेल्यात खोचलेली काठी मुकाट्यानं काढून दिली. एक जोखीम कमी झाली म्हणून त्याला बरंच वाटलं असावं.

मग मी त्याच्या गाडीच्या मागे राहिले. खरंच राहिले. पंधरा-वीस पावलं. उतरून सायकल ढकलत चालले. समोर पेंढ्यातले रांजण डुगडुगत होते, बैल पाऊल टाकावं की नको असा विचार करत चालले होते आणि माझ्या थर्मासमधला बर्फ, मला वाटत होतं, आवाज करून वितळतोय. पुलाचं पलीकडचं टोक वळणावर होतं, बाभळींच्या आड. या चालीनं तिथं पोचायला अर्धा तास लागला असता.

मागे राहा म्हणाले होते. का, ते मी विचारलं नव्हतं. खरं तर ठाऊक होतं. चार महिने येताजाता ती काठी पाहत होते. पण ती माझ्या हातात पहिल्यांदाच आली होती, आणि हातात आली की वस्तूचा अर्थ कसा विसरतो पाहा, मला वाटलं काठी म्हणजे पोचवायची एक चीज. मी जितकी लवकर पोचवीन तितकं बरं.

"डोमाजीभाऊ, जरा बैल डावीकडे घ्या."

त्यानं घेतले. रुळाची खाच तिरकी कापून मी गाडीच्या बाजूनं सफाईनं पुढे गेले. चाक अजिबात अडकलं नाही. त्याचाही आनंद मला झाला, हे लपवून काय करू?

पलीकडच्या फाटकावर गफूरभाई माझी नाही, काठीचीच वाट पाहत उभे होते. शेजारच्या ठेसनात गाडी वाफ सोडत होती. "आणा बाई, आणा," म्हणत त्यांनी काठी घेतली, खुंटीला अडकवली, मला बाजूनं वाट करून दिली आणि हिरवी झेंडी उचलली. त्यांनी पुलाकडे पाहिलंसुद्धा नाही. पाहायचं कशाला? वळणापलीकडचं तसंही दिसत नसे, आणि काठी आली होती.

मी चढाला लागले. दीडदोनशे पावलं गेले असेन. मागे शिट्टी झाली, इंजिनानं पहिला सुस्कारा टाकला. आणि माझे पाय पेडलवर थांबले.

डोमाजी.

सायकल मी कशी टाकली, थर्मास बाभळीच्या बुडाशी कधी ठेवला, काही आठवत नाही. ओरडत पळाले एवढं आठवतं. गफूरभाईंना काही कळेना. "गाडी आहे पुलावर! बैलगाडी!" हे शब्द तोंडातून नीट निघेपर्यंत शेवटचा डबा फाटकातून आत गेला होता. गफूरभाई लाल झेंडी घेऊन डब्यामागे धावले, पण मागून दाखवलेली झेंडी ड्रायव्हरला दिसणार कशी? आम्ही दोघं आगगाडीमागे पळत होतो. छोट्या रुळांची गाडी, पळणाऱ्या माणसाच्या वेगाची, पण आमच्यापेक्षा जरा जास्तच.

मग वळणापलीकडून बैलांचं हंबरणं ऐकू आलं, लागोपाठ शिट्ट्या, लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज आणि नंतर मडकी फुटल्याचा. तो आवाज बराच वेळ चालला. एकामागून एक, घरंगळत.

डब्यांच्या आणि कठड्याच्या मधल्या फटीतून मी पुढे गेले. इंजिन उभं होतं. त्याच्यापुढे, मोजून पाचसहा हातांवर, सूर्यभानजी रुळांच्या मधोमध लाल झेंडी दोन्ही हातांनी ताणून उभे होते. मुंडासं कुठेतरी पडलेलं, टक्कल उन्हात चमकत होतं, छाती भात्यासारखी हलत होती. बाभळींच्या वर धूर सरकताना दिसला आणि डोमाजीची गाडी अजून अर्ध्यातच आहे हे पाहून ते अर्धा पूल धावत आले होते, बैलांना ओलांडून थेट इंजिनाच्या तोंडावर. त्यांच्या मागे गाडी कठड्यावर उलटली होती. बैल जोखडातून सुटून पार धानोरीच्या बाजूला पळाले होते. आणि खापऱ्यांच्या ढिगात डोमाजी बसला होता, उजवं मनगट डाव्या हातात धरून.

मनगट मोडलं होतं. चाक आणि कठड्याच्या मध्ये सापडलं. कुंभाराचा उजवा हात. मी पदर फाडला, पेंढ्यातून दोन कामट्या शोधल्या, बांधलं. डोमाजी कण्हत म्हणाला, "बाई, तुमी पुढं काहून गेल्या वो?" रागानं नाही, खरंच विचारत होता. सूर्यभानजी शेजारी उभे होते. त्यांनीही ऐकलं.

संध्याकाळी दवाखान्यात परतल्यावर मी थर्मास उघडला. आत दोन बोटं बर्फ शिल्लक होता. कुप्या गार होत्या. तासभर काय, मी दोन तास त्या फाटकावर बसले असते तरी चाललं असतं. तेव्हा मात्र मी रडले.

आठ दिवसांनी ठेसनातल्या छोट्या खोलीत चौकशी झाली. आदल्या दिवशी आमच्या डॉक्टरांनी मला बोलावून सांगितलं, "अजून तुम्ही कायम झालेल्या नाहीत. विचारतील तेवढंच बोला. आगाऊपणा नको." मी मान हलवली, पण मनात ठरवलं होतं की सगळं सांगायचं. दांडा त्यांनी उचलला तो माझ्या गयावयामुळे, आणि मागे राहा हे त्यांनी बजावलं होतं. रात्री दोनतीनदा पाठ म्हटल्यासारखं म्हणूनही पाहिलं.

चौकशीचे साहेब वाईट नव्हते. चष्मा पुसत बसले होते, दमलेले. शेजारी कारकून. भिंतीलगत बाकावर गफूरभाई, गळ्यात हात अडकवलेला डोमाजी आणि सूर्यभानजी. डोमाजीनं त्याला माहीत होतं ते सांगितलं: बाईंनी काठी मागितली, मी दिली. गफूरभाईंनी सांगितलं, काठी आली, मी झेंडी दाखवली. दोघांचं बरोबरच होतं.

"मिस शैलजा पिसाळ," साहेब म्हणाले, "फाटकवाल्याचा जबाब आधीच झालाय. तो वाचतो. तुम्हाला मान्य आहे का तेवढं सांगा." आणि वाचू लागले, कागदी मराठीत. "'दांडा पडल्यावर मी नर्सबाईंना आत सोडले. त्यांना काठी घेण्यास सांगितले. परंतु बैलगाडीच्या मागे राहण्यास सांगण्याचे मी विसरलो. बाई नवीन असल्याने त्यांस नियम ठाऊक नव्हता.'"

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. मी सूर्यभानजींकडे पाहिलं. ते खिडकीतून पुलाकडे पाहत होते.

"बरोबर आहे?" साहेबांनी विचारलं. "त्यांनी तुम्हाला मागे राहायला सांगितलं नव्हतं?"

खोलीत पंखा नव्हता. कारकुनाची लेखणी कागदावर टेकून थांबली होती. मला एकच शब्द उच्चारायचा होता. सांगितलं होतं. म्हटला असता तर दोष माझ्यावर आला असता, नोकरी गेली असती, मी बोचकं बांधून वाईला परत गेले असते, जिथं आई आणि तीन भावंडं माझ्या मनिऑर्डरची वाट पाहत होती. या सगळ्याचा मी तेव्हा विचार केला असं म्हणणं हा स्वतःवर उपकार होईल. मी काहीच विचार केला नाही. मी घाबरले.

"हो," मी म्हटलं. "बरोबर आहे."

लेखणी चालू लागली. मी खाली सही केली. सूर्यभानजींनी अजूनही मान वळवली नव्हती.

त्यांना फाटकावरून काढलं. तीस मैलांवर रुळांच्या गँगमध्ये पाठवलं; या वयात घण मारायचा, खडी भरायची. फाटकाजवळचं दोन खोल्यांचं घरही गेलं. मला ताकीदसुद्धा मिळाली नाही. गावात उलट माझी कीव करत होते, बिचारीला काय माहीत म्हणून.

ते निघाले त्या सकाळी मी गेले. दाराशी बैलगाडी, तिच्यात दोन पेट्या, पाटावरवंटा, दोरीनं बांधलेली कोंबड्यांची टोपली. त्यांच्या बायकोनं, अंजनाबाईंनी, मला पाहिलं आणि पाठ फिरवून काम करत राहिल्या.

"अंजनाबाई," मी म्हटलं.

"पंचवीस वर्सं या कवाडापाशी काढली," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "त्यायनं तुमाले सांगतलं होतं. मी घरातून ऐकलं, या कानानं. रातभर म्हटलं, खरं सांगा. तर म्हनते, ते पोरगी गेली तर मंग कोन येईन? तुमच्या आधी दोन वर्सं कोनी नव्हतं बाई. त्या दोन वर्सांत आमच्या वस्तीतले तीन लेकरं पायानं लुळे झाले." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "त्यायचं म्हननं मले पटलं नाई. आताही पटत नाई. पन तुमी तरी बोलाचं होतं."

सूर्यभानजी विहिरीवरून घागर घेऊन आले. मी त्यांच्यासमोर उभी राहिले.

"सूर्यभानजी, तुम्ही मला सांगितलं होतं. मागेच राहा म्हणून. मी आजही जाऊन साहेबांना सांगते."

"मी काई सांगतलं नाई," ते शांतपणे म्हणाले आणि घागर गाडीत ठेवली. "वय झालं बाई. इसरलो."

"तुम्ही विसरला नव्हता!"

"तुमाले तसं वाटलं असंन. ऊन लई होतं." घागरीखाली गवताची चुंबळ सारखी करून त्यांनी बैलांची दोरी हातात घेतली. "आज बुधवार ना? चिखलवाडीचा दिवस. तुमाले उशीर होते."

मला त्यांचा राग आला. खोटं वाटेल, पण आला. कोणी मागितला होता हा उपकार? साहेबांना खोटं सांगितलं ते सांगितलं, पण माझ्यापाशी, दोघंच असताना, कबूल करायला काय जात होतं? कबूल केलं असतं तर मी निदान माफी मागितली असती. ज्यानं काही सांगितलंच नाही, त्याची माफी कशाची मागायची? डोमाजीची मागितली होती, त्यानं दिलीही होती. चारपाच महिन्यांत तो पुन्हा चाकावर बसला. त्याच्या रांजणांचे काठ त्यानंतर एका बाजूला थोडे कलायचे, तो हसून म्हणायचा, हे बाईंच्या हातचे. पण सूर्यभानजींनी दारच लावून घेतलं. मी त्या दिवशी चिखलवाडीला गेले. पुढे चौदा वर्षं जात राहिले. बदलीचा अर्ज केला नाही.

चौदा वर्षांनी मोहिमेच्या निमित्तानं मी सूर्यभानजींच्या मूळ गावी, मांडव्याला गेले. आता मी सुपरवायझर होते, सायकल जाऊन लुना आली होती आणि थर्मास जाऊन निळी पेटी. अरणेवर मोटारींसाठी नवा पूल झाला होता. जुना एकटा रेल्वेला उरला, काठी कुठं गेली कोण जाणे. ओट्यावर पोरं गोळा करत असताना एक म्हातारा काठी टेकत आला, कडेवर वर्षाचा नातू. उंच, वाळकुडा.

"ओळखलं का बाई?"

त्यांच्या नातवाच्या तोंडात मी स्वतः दोन थेंब टाकले. पोरानं तोंड वाकडं केलं, ते हसले. अंजनाबाई जाऊन तीन वर्षं झाल्याचं त्यांनी सांगितलं. घरी नेऊन चहा दिला. कप हातात धरून मी म्हटलं, "सूर्यभानजी, त्या दिवशी पुलावर..."

"साखर कमी झाली का?" त्यांनी विचारलं.

मी चहा संपवला. दुपार कलत आली. ते मला पोचवायला रस्त्यापर्यंत आले. पेटी मी लुनाच्या मागे बांधली; अजून दोन गावं बाकी होती. रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंना पऱ्हाटीची शेतं, आणि पुढे थोड्या अंतरावर कडब्यानं लादलेली एक बैलगाडी डुलत चालली होती. मी पेडल मारून लुना चालू केली. सूर्यभानजींनी त्या गाडीकडे पाहिलं, मग पेटीकडे, मग माझ्याकडे. चेहरा नेहमीचाच, हसू नाही की काही नाही.

"बाई," ते म्हणाले, "गाडीच्या मागंच राहजा."

लुनाचं इंजिन फटफटत होतं तरी मला शब्द न् शब्द ऐकू आला. चौदा वर्षांपूर्वी ज्या आवाजात म्हणाले होते, त्याच.

"हो," मी म्हटलं. डोळ्यांत पाणी आलं ते त्यांच्यासमोरच आलं, मी पुसलं नाही.

मांडव्यापासून पुढच्या फाट्यापर्यंत तीन मैल आहेत. बैलगाडीवाल्यानं दोनदा मागं वळून पाहिलं आणि तिसऱ्यांदा बैल बाजूला घेऊन हातानं खूण केली, जा की बाई पुढे. मी नाही गेले. कडब्याच्या पेंढ्या माझ्यापुढे डुलत होत्या, पेटीत बर्फ होता, आणि मी फाटा येईपर्यंत त्याच्या मागेच राहिले.